पाणवठा गावाचा : लोकनिधीतून झालेल्या कामांचा इतिहास आणि आपली बारव

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

ग्रामदैवत श्री भैरवनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या, मुंबई-पुण्यास असलेल्या मंडळींच्या आणि माहेरवाशिणींच्या सढळ देणगीतून पूर्णत्वास गेला, ही आपणा सर्वांच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट आहे. मंदिराचा इतिहास, नाथांची यात्रा, पालखीचे मानकरी आणि देणगीदारांची नामावली याविषयी या स्मरणिकेत इतरत्र जाणकारांनी लिहिले आहेच. स्मरणिका समितीने मला मंदिराशेजारच्या बारवेविषयी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करताना जुने कागद हाताखालून जातात, त्यामुळे थोडी गोडी लागली इतकेच. तरी वाचकांनी हा अल्पसा प्रयत्न गोड मानून घ्यावा.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करतो. मंदिराचे काम वर्गणीतून झाले. बारवेचा गाळ काढणे, पडलेल्या पायऱ्या बसविणे आणि कठड्याची दुरुस्ती ही कामे मात्र ग्रामपंचायतीच्या निधीतून आणि गावाच्या श्रमदानातून झाली. दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच आवारात चालली तरी हिशेब वेगवेगळे ठेवले गेले. काहींना ही कागदी कटकट वाटली. परंतु हा फरक केवळ हिशेबाचा नाही. पैसा कोणाचा, आणि त्यातून झालेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वी मोठ्या वादाचा प्रश्न होता आणि त्या वादाच्या केंद्रस्थानी आपल्या बारवेसारखाच एक पाणवठा होता. तो इतिहास गावाला माहीत असावा म्हणून हा लेख.

पुण्यकर्म म्हणून बांधलेले पाणी

पूर्वी विहीर, तळे, घाट, धर्मशाळा ही कामे बहुतेक दानधर्मातून होत. राजे, सरदार, सावकार आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया पुण्यप्राप्तीसाठी पाण्याची सोय करीत. याचे उत्तम उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे. साताऱ्याजवळील लिंब गावची बारा मोटांची विहीर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. तिथल्या शिलालेखाप्रमाणे हे काम शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात झाले. अष्टकोनी विहीर, तिला लागून उपविहीर आणि दोहोंच्या मधोमध छोटेखानी महाल अशी तिची रचना आहे. आज तिथे मोट चालत नाही, पण लांबलांबची माणसे ती विहीर पाहण्यास येतात.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव तर या बाबतीत सर्वांच्या तोंडी आहे. १७६७ ते १७९५ या त्यांच्या कारकिर्दीत त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधविल्या. यातील ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, दानधर्माचा हा खर्च त्या होळकरांच्या खासगी उत्पन्नातून करीत. दौलतीचा पैसा आणि खासगीचा पैसा यांची फारकत त्यांनी कटाक्षाने पाळली. त्या काळीसुद्धा पैसा कोणत्या थैलीतून आला याला महत्त्व होते, हे यावरून दिसते.

आपली बारव कोणी बांधली याचा लेख नाही. पण घडीव दगड आणि कोनाड्याची ठेवण पाहता तीही अशाच कोणा पुण्यवंताची करणी असावी, असे जुनी माणसे म्हणत.

एक आणा लोकल फंड

इंग्रजी अंमलात ही स्थिती पालटली. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने लोकल फंडाची पद्धत पक्की झाली. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी घ्यावयाची आणि त्या पैशातून रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने बांधावयाचे, अशी ती पद्धत होती. या पट्टीचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी असे. शिवाय नावेचा उतार, रस्त्यावरचा टोल, कोंडवाडा यांचे उत्पन्नही लोकल फंडात जमा होई. आपल्याकडील जुन्या माणसांच्या बोलण्यात 'लोकल बोर्डाची शाळा', 'लोकल बोर्डाचा रस्ता' असे शब्द येत, त्याचे मूळ यात आहे.

लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यास अनुसरून मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा आणि नगरपालिकांचा असे दोन कायदे झाले. तालुका लोकल बोर्ड आणि जिल्हा लोकल बोर्ड अस्तित्वात आले आणि काही जागा निवडणुकीने भरल्या जाऊ लागल्या. म्हणजे पुण्यवंताच्या इच्छेवर अवलंबून असलेले काम आता सर्वांच्या पैशाचे आणि सभेच्या ठरावाचे झाले.

येथून पुढे पाणवठ्याचे नातेही बदलावयास हवे होते. ज्याने स्वतःच्या पैशाने विहीर बांधली तो म्हणेल, माझी विहीर, मी सांगेन त्याने पाणी भरावे. पण जी विहीर लोकल बोर्डाने बांधली, तिच्यात कुणब्याचा आणा होता, बलुतेदाराचा होता आणि वतनी जमीन कसणाऱ्या महाराचाही होता. असे असूनही ती विहीर सर्वांना खुली नव्हती. पट्टी सर्वांची आणि पाणी काहींचे, असा व्यवहार गावोगाव बिनदिक्कत चालू राहिला.

मसूर स्टेशनवरून निघालेली मुले

आपल्याच जिल्ह्यातील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. १९०१ साल. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. त्या कामावर सुभेदार रामजी आंबेडकर खजिनदार होते. त्यांची मुले साताऱ्यास राहत. सुटीत वडिलांना भेटावयास म्हणून दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र वेळेवर मिळाले नव्हते, त्यामुळे न्यावयास कोणी आले नाही. मुले महाराची आहेत असे कळताच गाडीवाले त्यांना नेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने चालत यावे, अशा अटीवर एक गाडी मिळाली.

रात्री ती मुले टोलनाक्यापाशी थांबली. डबे भरलेले होते, पण प्यावयास पाणी नव्हते आणि कोणी दिलेही नाही. जेवण जवळ असून ती मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत हे सविस्तर लिहून ठेवले आहे.

मी मसूरच्या रस्त्याने अनेकदा गेलो आहे. ज्यांचे वडील सरकारी पैशाने तलाव खोदण्याच्या कामावर आहेत, त्या मुलांना त्याच जिल्ह्यात घोटभर पाणी मिळू नये, ही गोष्ट वाचल्यापासून तो रस्ता मला पूर्वीसारखा वाटत नाही.

याच खटाव तालुक्यातील कटगुण हे महात्मा फुल्यांचे मूळ गाव. जोतीरावांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला होता. पण तो त्यांचा स्वतःचा हौद होता. सार्वजनिक हौदांचे आणि तळ्यांचे काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

बोले यांचा ठराव आणि महाडचे तळे

त्या प्रश्नाला पहिल्यांदा कायदेमंडळात हात घातला तो रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात त्यांचा ठराव मंजूर झाला. जे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आहेत अथवा सार्वजनिक पैशातून चालविल्या जातात, किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यात आहेत, त्या सर्व अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा त्याचा आशय होता. सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने यांचाही त्यात समावेश होता. ठरावाची सगळी मांडणी पैशावर आहे हे वाचकांनी पाहावे. दया करा, उदार व्हा, असे त्यात म्हटलेले नाही. वस्तू सर्वांच्या पैशाची आहे म्हणून ती सर्वांची आहे, इतकेच साधे म्हणणे आहे.

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून आपल्या हद्दीतील चवदार तळे सर्वांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्या नगरपालिकेचे पुढारी होते आणि या कामी त्यांची मदत मोठी होती. पण ठराव मिनिट बुकातच राहिला. तळ्यावर पाणी भरण्याची कोणाची छाती झाली नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत त्यांची सरकारी ग्रँट बंद करावी. तरीही फरक पडला नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने रांगेत चवदार तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी पाण्याची ओंजळ घेतली आणि मागोमाग इतरांनी घेतली. यात कोणताही कायदा मोडला गेला नव्हता, उलट नगरपालिकेचाच ठराव अमलात आला होता. तरी दुपारनंतर गावातील लोकांनी परिषदेस आलेल्यांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ले केले. पुढे एकशे आठ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती ते तळे माणसाच्या ओंजळीने बाटले असे ठरले.

पुढची गोष्ट माझ्यासारख्या कारकुनाला अधिक खटकते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. सभेने केलेला ठराव सभेला रद्द करता येतो, हे नियमास धरून आहे. परंतु त्यावरून एवढे कळते की कागदावरचा हक्क मागे उभे राहणारी माणसे नसतील तर टिकत नाही.

तळे कोणाचे

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. त्याच्या आधी महाडच्या काही मंडळींनी दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे सार्वजनिक नसून खासगी आहे, आणि अनादि काळापासून अस्पृश्यांना तेथे मज्जाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. त्यांनी कोर्टाच्या हुकमाचा मान राखून त्या वेळी तळ्यावर जाणे तहकूब केले आणि कोर्टातच लढण्याचे ठरविले.

हा दावा दहा वर्षे चालला. महाडच्या कोर्टात १९३१ मध्ये निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. ठाण्याच्या जिल्हा कोर्टात १९३३ मध्ये अपील फेटाळले गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने वादींचे अपील फेटाळले. अनादि काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. तळे खासगी असल्याचा दावाही खालच्या कोर्टातच टिकला नव्हता.

येथे लक्षात येईल की दहा वर्षांच्या या खटल्यात मूळ प्रश्न दोनच होते. तळे कोणाच्या मालकीचे, आणि वहिवाट कोणाची. तालुक्याच्या कचेरीत बांधाच्या भांडणात रोज हेच दोन प्रश्न असतात. फरक इतकाच, की महाडच्या निकालातून एका शेताचा बांध ठरला नाही, माणसामाणसांतला बांध मोडण्यास मदत झाली.

घटनेतील विहीर, तलाव आणि घाट

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली हे सर्वांना ठाऊक आहे. पंधरावे कलम मात्र थोडे कमी वाचले जाते. त्याच्या दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. जे पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखले जाते, अथवा जे सर्व लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेले आहे, त्याच्या वापरास धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकास अडविता येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. देशाच्या घटनेत विहिरीचे आणि घाटाचे नाव यावे, यामागे मसूरची रात्र आणि महाडचा दिवस आहे, असे मला नेहमी वाटते. दानातून झालेली विहीर आणि कराच्या पैशातून राखलेली विहीर, दोन्ही त्या कलमात येतात. आपली बारव दोन्ही प्रकारची आहे.

देवळांचेही तसेच. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले. मंदिराच्या स्मरणिकेत या गोष्टीची आठवण अस्थानी ठरणार नाही.

पुढे १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या आणि लोकल बोर्डे इतिहासजमा झाली. ग्रामपंचायतींना १९५८ च्या कायद्याने अधिकार मिळालेले होतेच. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान मिळाले. त्यासोबत अकरावी अनुसूची आली आणि पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय तिच्यात दिले गेले. त्यात पिण्याचे पाणी आहे, ग्रंथालये आहेत, सांस्कृतिक कार्ये आहेत, आणि सर्वांत शेवटचा, एकोणतिसावा विषय सामाजिक मालमत्तेची देखभाल हा आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात निधी थेट ग्रामपंचायतींना दिला, त्यामुळे गावाला स्वतःचा आराखडा करण्याची सवय लागली. आपल्या बारवेचे काम गावाच्या आराखड्यात बसू शकले ते या वाटेने.

आमची बारव आणि दगडी डोणी

आता घरची गोष्ट. बारवेच्या पश्चिमेस, कठड्याच्या बाहेर, जमिनीत अर्धी गाडलेली एक दगडी डोणी होती. पुष्कळांना ती गुरांची वाटे. गाळ काढताना ती पूर्ण उघडी झाली आणि कठड्यातून तिच्याकडे येणारी दगडी पन्हळही दिसली. ही डोणी कशासाठी होती ते मला माहीत होते.

माझी आजी १९४० च्या सुमारास लग्न होऊन या गावी आली. ती पाणी भरावयास बारवेवर जाई. महारवाड्यातील आणि मांगवाड्यातील बाया त्या डोणीपाशी मडकी घेऊन बसून राहत. कोणाला दया आली म्हणजे पन्हळीतून पाणी सोडावयाचे, आणि डोणीत साठलेले त्यांनी भरून न्यावयाचे. आजी म्हणे, "वरनं वतायचं, घागर घागरीला लागू द्यायची न्हाई, असं सासूनं शिकवलं हुतं." उन्हाळ्यात बारवेचे पाणी खाली गेले की वतणारणीचे हात दुखत, मग दया कमी येई. कधी कधी त्या बाया सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहत आणि रिकाम्या परत जात. आजीनेही कधी कधी तोंड फिरविले होते. हे ती म्हातारपणी, डोळ्यांतून पाणी काढून सांगत असे. आमच्या घराण्याचे नाव या गावात मानाने घेतले जाते, म्हणून हे येथे लिहिणे मला अधिक आवश्यक वाटले.

१९७२ च्या दुष्काळात बारव कोरडी पडली. त्यानंतर गावात बोअर झाल्या, हातपंप आले, पुढे नळपाणी योजना आली. नळाचे पाणी वाड्यावस्त्यांवर सारखेच जाऊ लागले. बारवेची गरज संपली तशी ती कचऱ्याचा खड्डा झाली. लग्नाच्या पत्रावळी, फुटके गणपती, प्लॅस्टिक, जे नको ते तिच्यात. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने वाड्यावस्त्यांवरच्या तरुणांनी मिळून ती उपसली. वरच्या आळीची, बौद्ध वस्तीची, मातंग वस्तीची मुले एकाच साखळीत उभी राहून गाळाच्या पाट्या देत होती. पाटी हाताला हात लागल्याशिवाय पुढे जात नाही. मला त्या वेळी आजीची आठवण झाली.

डोणीचे काय करावे, यावर समितीच्या बैठकीत बराच खल झाला. काहींचे म्हणणे, ती फोडून पायरीत घालावी, देवाच्या दारी वाईट आठवण कशाला. काहींनी सुचविले, मंदिरापुढील बागेत फुलझाडे लावण्यास ती छान दिसेल. खरे सांगतो, मीही प्रथम ती बुजविण्याच्या बाजूने होतो. गावाची शोभा होईल, उगाच जुन्या खपल्या निघतील, असे मला वाटले. तेव्हा बौद्ध वस्तीतील एक वयोवृद्ध गृहस्थ इतकेच म्हणाले, "माझी आई हिच्यापाशी बसलेली आहे. तुम्ही फुलं लावली तर आम्ही काय सांगायचं पोरांना, आजी फुलं बघत बसली होती म्हणून?" त्यावर कोणी काही बोलले नाही. पुढच्या ग्रामसभेत डोणी आणि पन्हळ आहेत त्या जागी ठेवण्याचे ठरले. शेजारी पाटी लावण्याचेही ठरले, पण मजकुरावर अद्याप एकमत झालेले नाही.

देखभालीची तरतूद

अलीकडे जुन्या वास्तू पाहण्याकडे लोकांचा ओढा वाढला आहे. लिंबच्या विहिरीवर रविवारी गाड्या लागतात. महाडच्या चवदार तळ्यावर दरवर्षी २० मार्चला मोठा जनसमुदाय जमतो. आपल्याही बारवेवर शाळांच्या सहली येतील, अशी अनेकांना आशा आहे. आशा चांगली आहे, पण एक इशारा द्यावासा वाटतो.

आमच्या जिल्ह्यातील एका गावी नगरपरिषदेने काही वर्षांपूर्वी पोहण्याचा तलाव बांधला. अनुदान मोठे मिळाले, उद्घाटन थाटात झाले. मी माझ्या मुलाला तेथे पोहणे शिकवावयास नेत असे. तीन उन्हाळे तलाव उत्तम चालला. चौथ्या वर्षी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बिघडले. दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात तरतूदच नव्हती. तिकिटाच्या उत्पन्नातून विजेचे बिलही भागत नव्हते. तलाव रिकामा झाला, फरशा सुटल्या, आणि आज तेथे पावसाचे पाणी व डास आहेत. बांधण्यास पैसा मिळतो, कारण बांधकामाचे उद्घाटन होते. राखण्यासाठी मिळत नाही, कारण गाळ काढण्याचा नारळ कोणी फोडत नाही. पूर्वीच्या दात्यांनी विहिरीबरोबर देखभालीसाठी जमीन लावून दिल्याची उदाहरणे आढळतात ती याच कारणाने.

म्हणून गावापुढे तीन विनंत्या ठेवतो.

पहिली, बारवेची नोंद ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत व्यवस्थित करून घ्यावी. मंदिराच्या आवारात आहे म्हणून ती पुढेमागे कोणा एका मंडळाची अथवा घराण्याची समजली जाऊ नये. महाडला दहा वर्षे कशावरून गेली हे आपण वर पाहिले.

दुसरी, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात बारवेच्या देखभालीची रक्कम, मग ती लहान का असेना, वेगळ्या शीर्षाखाली दाखवावी, आणि यात्रेच्या आधी गावाने एक दिवस श्रमदान करावे. ते सर्व वस्त्यांनी मिळून करावे.

तिसरी विनंती पाटीची. मजकुरात मोठे शब्द नकोत. या डोणीत वरून पाणी ओतले जाई आणि आपल्याच गावच्या आयाबहिणी येथे पाण्यासाठी ताटकळत बसत, आता ही बारव गावातील प्रत्येकाची आहे, इतके लिहिले तरी पुरे. पाटीचे अनावरण एखाद्या पुढाऱ्याच्या हस्ते न होता, जिची सासू त्या डोणीपाशी बसली होती अशा एखाद्या माउलीच्या हस्ते व्हावे. तशा माउल्या गावात आज हयात आहेत.

नाथांचे देऊळ नवे झाले, कळस चढला. नाथांच्या दर्शनास येणारा प्रत्येक जण बारवेवर पाय धुऊन मगच पायरी चढेल. पाय धुताना त्याच्या दृष्टीस ती डोणी पडावी आणि त्याने शेजारच्याला विचारावे, ही कशाची? उत्तर देणारा गावकरी, मग तो कोणत्याही आळीचा असो, त्याला ते खरे सांगता यावे, एवढीच श्री भैरवनाथाच्या चरणी प्रार्थना.

लेखात काही न्यून असल्यास ते माझे समजावे. चूकभूल द्यावी घ्यावी.